तिरांबा लोकांत नणंद नसते

बॅग रिकामी होती, तरी वृषभनं तिला कुलूप लावलं. मग ती हॉलमध्ये दाराजवळ ठेवली आणि मागं सरकून बघितली.

"जरा तिरकी ठेव," त्याच्या आई, चंदनाबाई, स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "निघायच्या घाईत ठेवल्यागत वाटाय पायजे."

बॅग आदितीची होती, वृषभच्या थोरल्या बहिणीची. घटस्फोट झाल्यावर ती कोल्हापूरच्या या घरात कायमची राहायला आली होती. पण आज हुपरीचे पाहुणे वृषभच्या लग्नासाठी घर बघायला येणार होते, म्हणून आजच्या दिवसापुरती ती माहेरवाशीण होती. इचलकरंजीत नवरा, कापडाचा धंदा, सगळं झकास. वृषभनं तिच्याकडून पाठच करून घेतलं होतं.

"ताई, कुणी विचारलं तर?"

"नवरा बरा हाय."

"आणि?"

"सासू देवमाणूस."

"हसून म्हण की."

"हसायचं ठरलं न्हवतं," आदिती म्हणाली आणि डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडून बसली.

पाहुणे आले. मुलीचे वडील बाळगोंडा आणि त्यांची थोरली बहीण आक्का. घर बघायला आलेले लोक साधारणपणे चहा पितात आणि 'छान हाय' म्हणतात. आक्कांनी खरोखरच घर बघितलं. नळ सोडले, बंद केले. माळ्यावर डोकावल्या. गच्चीत जाऊन टाकीचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं आणि "घट्ट बसलंय" असा शेरा दिला. खाली येऊन त्या आदितीपुढं थांबल्या, टाकीपुढं थांबल्या होत्या तशाच.

"ह्या?"

"आमची थोरली," तिचे वडील बापूसो म्हणाले. एरवी ते लेकीबद्दल बोलताना समोरच्याकडं बघायचे. आत्ता बॅगेकडं बघत होते. "इचलकरंजीत दिलीया. दोन दिवस आलती. आज निघाली."

"काय करतीस गं?"

"नाती बनवते."

"जुळवतीस?"

"न्हाय, बनवते. मोबाइलवरच्या एका गेमसाठी. तिरांबा म्हणून लोक हायत, मोठ्या कासवांच्या पाठीवर गावं करून राहतात. म्हणजे नाहीयेत, पण गेममध्ये हायत. त्यांच्यात कोण कुणाचं काय लागतं, त्याचे शब्द मी करते."

बशीत चहा ओतणारे बाळगोंडा ओतायचे थांबले. चंदनाबाई घाईघाईनं म्हणाल्या, "सासू करू देती बरं का हे सगळं."

"देवमाणूस," आदिती म्हणाली.

आक्कांनी खुर्ची ओढली. "सांग की एखादा शब्द."

"ज्याची कढई आपल्याकडं राहिलीय आणि दोघांनाबी ते माहीत हाय, तो आपला लोटुंबा. भांडून निघून गेला, पण चप्पल विसरली म्हणून परत आला, तो उशेर."

"आमच्या गल्लीत निम्मे उशेर हायत. आणि नणंदेला काय म्हणतात?"

"तिरांबा लोकांत नणंद नसते. भावाचं लग्न झालं तरी बहीण बहीणच राहती."

"लई पुढारलेत," आक्का म्हणाल्या.

वृषभ खोकला. बाळगोंडांनी घड्याळ बघितलं. जैन रिवाजाप्रमाणं दिवस मावळायच्या आत जेवायचं होतं, आणि इचलकरंजीत भाच्याकडं पानं वाढून ठेवली होती.

"मग हिला तिकडंच जायचंय न्हवं?" आक्का उठता उठता म्हणाल्या. "चल पोरी. गाडीत जागा हाय. दारात सोडतो."

वृषभनं आईकडं बघितलं. मग चंदनाबाई म्हणाल्या, "उगं तुमाला तरास."

"तरास गाडीला. आमाला कसला?"

वृषभ आदितीच्या कानाशी वाकला. "जा की. कुठल्यातरी चौकात उतर. मी गाडी घेऊन येतो मागनं."

"कुठल्या चौकात?"

"कुठल्याबी. तुला काय फरक पडतोय?"

आदितीनं वडिलांकडं बघितलं. बापूसो उठले. आता ते खरं सांगतील असं तिला वाटलं. ते दाराकडं गेले, वाकले आणि त्यांनी ती रिकामी बॅग उचलली. साधी उचलली नाही. आत गव्हाचं पोतं असल्यासारखी उचलली. उजवा खांदा खाली गेला, दात आवळले गेले. दोन पावलं टाकून ते थांबले आणि त्यांनी दम घेतला.

"काय भरलंयस गं एवढं?" ते म्हणाले.

आदितीच्या डोक्यात सणक गेली. नवऱ्यानं घराबाहेर काढलं, तेव्हा त्यानं निदान नाटक तरी केलं नव्हतं. ती उठली. बापूसोंच्या हातातली बॅग तिनं करंगळीनं काढून घेतली, हॉलच्या मधोमध ठेवली आणि तिच्यावर बसली.

बॅग फुस्स झाली. सावकाश, अगदी शिस्तीत, आदिती सगळ्यांच्या देखत खाली खाली जात फरशीला टेकली. कुलूप तेवढं शाबूत राहिलं.

"मी कुठं जात न्हाय," ती खालूनच ओरडली. "इचलकरंजीत माझं कुणी न्हाय. मी हितंच राहते. त्या टाकीचं झाकण मी बसवलंय!"

"ताई!" वृषभ म्हणाला.

"तू गप. तू कासवावरनं पण पडशील."

बाळगोंडांनी बशी खाली ठेवली. आक्का चपट्या झालेल्या बॅगेकडं बघत राहिल्या. मग त्यांनी वृषभकडं बघितलं, मग बापूसोंकडं, टाकीत वाकून बघावं तसं.

"पोरी," त्या म्हणाल्या, "पावण्यांसमोर आपल्याच लेकीला पावणी करून गाडीत बसवणारा बाप. त्याला काय म्हणतात तुझ्या त्या लोकांत?"

"शब्द न्हाय," आदिती म्हणाली. "त्यांना कधी लागला न्हाय."

बापूसो दारातच उभे होते. हातात काही नव्हतं. उजवा खांदा मात्र अजून खालीच होता.