शुक्रवारची जपमाळ

इसाबेलने दाराला आतून कडी घातली. ऑक्टोबरात रोज एका घरी गाव जपमाळेला जमे आणि आज पाळी नेमकी तिच्या घराची होती. वादळातून सगळ्या बोटी परतल्या होत्या, तिच्या नवऱ्याची तेवढी राहिली होती.

“त्याच्याशी मी बोलायची नाही,” भिंतीवरच्या क्रुसाकडे बघून ती पुटपुटली आणि पुन्हा चुलीपासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालू लागली.

दार कुणी वाजवलं नाही. सगळे ओट्यावरच बसले. मोनिकामावशीने खणखणीत आवाजात सुरुवात केली, “आनंदाचं पहिलं रहस्य.”

इसाबेल थबकली. आज शुक्रवार होता. शुक्रवारी जपमाळेत ख्रिस्ताच्या आयुष्यातल्या आनंदाच्या नव्हे, दुःखाच्या प्रसंगांचं, म्हणजे रहस्यांचं चिंतन असतं, हे पोरासोरांनाही ठाऊक होतं. तरी मावशीला कुणी टोकेना. शेवटी तिनेच कडी काढली.

“मावशी, आज दुःखाची रहस्यं,” ती चिडून म्हणाली. “मरणाच्या आदल्या रात्री बागेत एकटा पडला होता ख्रिस्त, घाबरला होता...”

जन्मभर गावाची जपमाळ सांगणारी मावशी चटईवर थोडी सरकली. “मग तूच सांग,” म्हणत तिने माळ पुढे धरली.

परवापासून कुठेच न टेकलेली इसाबेल तिच्याशेजारी बसली.