जावयाचं बटण

"आई, हे काय आहे? क... कप. म्हण बघू, कप."

लेकीने फोनच्या कॅमेऱ्यासमोर कप धरला. पलीकडे, विमानानेही दिवस मोडावा इतक्या लांब, आईने तोंड भिंतीकडे फिरवलं. फोन बाबांच्या हातात होता, त्यामुळे स्क्रीनवर अर्धी आई आणि अर्धा पंखा दिसत होता.

"बाबा, फोन जरा खाली घ्या. मला पंख्याला बोलायला शिकवायचं नाहीये."

"घेतला," बाबा म्हणाले आणि त्यांचा गुडघा दिसायला लागला.

पक्षाघाताच्या झटक्याने आईचा उजवा हात आणि बोलणं दोन्ही एकदम नेलं होतं. बोटांत आता कुठे थोडी हालचाल येत होती. बोलणं मात्र गेलं ते गेलंच. समजायचं तिला सगळं. कप दाखवला की 'मला काय कुकुलं बाळ समजतेस' असा राग डोळ्यांत दिसायचा, पण तोंडातून शब्द नाही. वाचेचे व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, "शब्द आत आहेत. पण यांनी जिद्दच सोडलीय. हे दिवस असेच गेले तर पुढे जड जाईल." लेकीला रजा मिळून घरी जायला अजून अवकाश होता. तोवर ती रोज कामावर जायच्या आधी कप, चमचा, किल्ली असा संसार मांडून फोनपुढे बसायची.

त्या दिवशी तिच्या नवऱ्याची निघायची घाई चालली होती. तो शहरातली बस चालवायचा. गणवेशाचा शर्ट चढवताना नेमकं पोटावरचं बटण तुटून टेबलाखाली गेलं.

"तू तुझं चालू ठेव, मी लावतो," म्हणत तो तिच्या मागच्या खुर्चीत बसला. नुसत्या बनियनवर, शर्ट मांडीवर घेऊन. आपणही कॅमेऱ्यात दिसतोय याचा त्याला पत्ताच नव्हता. बऱ्याच झटापटीनंतर सुईत दोरा गेला. त्याने बटण ठेवलं, खालून सुई घातली आणि ऐटीत वर ओढली. सुईमागोमाग अख्खा दोरा बाहेर आला. त्याने पुन्हा सुई घातली, पुन्हा दोरा बाहेर. मग त्याने शर्ट उलटा करून, दोरा कुणी खालून सोडतंय की काय, ते पाहिलं.

"आता हा चमचा. च... चमचा."

आईने मान वळवली होती. पण ती चमच्याकडे बघत नव्हती. लेकीच्या खांद्यावरून तिची नजर थेट त्या सुईवर होती. उभा जन्म तिने शिवणाचा वर्ग चालवला होता. तिचा श्वास वाढला, डावा हात अंथरुणावर आपटला.

"गा..."

"ग नाही, आई. च. चमचा."

"गा... गाठ!"

लेकीचा हात तसाच राहिला.

"गाठ मार, गाढवा!"

बाबांच्या हातून फोन पडला. स्क्रीनवर आधी छत आलं, मग नुसता अंधार, आणि त्या अंधारातून बाबांचा आवाज, "बोलली! अगं, बोलली ती!" लेक हातात चमचा धरून रडत होती, हसत होती. नवरा उठून उभा राहिला.

"मला म्हणाल्या? आई मला म्हणाल्या?"

"मग काय मला?"

"अगं, इतकी वर्षं नुसतं 'जावईबापू, बसा', 'जावईबापू, घ्या'! तुमच्या घरी मला पाहुण्यासारखं अवघडून बसावं लागायचं," तो म्हणाला. त्याच्या तोंडावरून आनंद ओसंडत होता.

तेवढ्यात बाबांनी फोन उचलला. तेही डोळे पुसत होते, पण आता त्यांना संकोच वाटायला लागला होता. "अगं, जावई आहेत ते! असं बोलतात का? निदान अहो तरी म्हण."

आईने ओठ जुळवले. कपाळावर घाम आला.

"अ... हो," ती म्हणाली. मग जाड कापडातून सुई काढावी तसा एकेक शब्द ओढत, "अहो... गाढव."

बाबांच्या हातातला फोन हसण्याने गदगदा हलायला लागला. त्या हलणाऱ्या चित्रात आईही हसत होती, तोंडाच्या एकाच बाजूने, पण पोटभर.

बटण लागलंच नाही. नवऱ्याने तसाच शर्ट अडकवला, वरून जॅकेट ओढलं आणि दारातून ओरडला, "आई, राहिलेलं उद्या शिकवा हं!"

संध्याकाळी तो परतला तेव्हा त्याच्या खांद्यावर फुगलेली पिशवी होती. बायकोने ती टेबलावर उपडी केली. बटणं तुटलेले शर्ट, अस्तर लोंबणारा कोट, दुमड सुटलेल्या दोन पँटी, एक उसवलेला हातमोजा.

"हे काय आणलंस?"

"डेपोत सगळ्यांना सांगितलं, ज्याचं जे फाटलं-उसवलंय ते माझ्याकडे द्या."

"अरे, पण एवढं सगळं नीट कोण शिवणार?"

तो खाली वाकून बुटाची नाडी सोडत होता.

"नीट शिवून कसं चालेल?" तो म्हणाला.