सिओनेच्या हातात बॉल

अमेरिकन फुटबॉलमध्ये रनिंग बॅक म्हणून बॉल काखोटीला मारून पळण्यात लमॉन्टचं अर्धं आयुष्य गेलं होतं आणि आज त्याचा शेवटचा सामना होता. संघ आरामात जिंकत होता. समोरच्या संघाची गोलरेषा दोन पावलांवर होती. बॉल घेऊन आणखी एकदा ती ओलांडली, की क्लबचा जुना विक्रम त्याच्या नावावर होणार होता. सगळं स्टेडियम त्याच्या नावानं ओरडत होतं.

"बॉल सिओनेला द्या," तो कोचना म्हणाला.

सिओने म्हणजे दीडशे किलोचा गडी. लमॉन्टच्या पुढे राहून अंगावर येणाऱ्यांना अडवायचं, एवढंच त्याचं काम. सामन्यात बॉल कधी त्याच्या हाती आलाच नव्हता.

"डोकं ठिकाणावर आहे ना? विक्रमाचं काय?" कोच खेकसले.

"राहू दे. आज पुढे मी राहतो."

लमॉन्टनं समोरच्या दोघांना अंगावर घेतलं आणि सिओने बॉल पोटाशी धरून धडपडत रेषेपलीकडे जाऊन पडला. मग लमॉन्टला हात देऊन उठवताना तो धापा टाकत म्हणाला, "अरे, पुढे कुणी असलं की हे किती सोपं आहे रे!"

"हळू बोल की," लमॉन्ट कण्हत म्हणाला, "इतकी वर्षं कुणाला कळू दिलं नाही मी."