हाकेची ओळ

वॉशिंग मशीन टिंग करून थांबलं आणि दुपारची शांतता मोडली. डोळे चोळत लेक आईच्या मांडीवर चढली. आईसमोर संगणकावर एक प्लगइन उघडं होतं: चित्रकारांच्या सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, तिनं आपल्या बाबांबरोबर लिहिलेला. नव्या आवृत्तीचा बिल्ड, म्हणजे कोडपासून चालता प्रोग्रॅम, तयार व्हायला अर्धा तास लागायचा. तेवढ्यात आई पुस्तकात बुडायची. म्हणून बाबांनी बिल्डच्या शेवटच्या ओळीत स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केलेली हाक बसवली: "झालं गं कार्टे, ये!" बाबा गेले; नातीला ते या हाकेपुरतेच ठाऊक. आता बिल्ड दूरच्या सर्व्हरवर आपोआप व्हायचा होता, पण तीन दिवस ऐन शेवटी अडत होता. आज चूक सापडली. सर्व्हरला स्पीकरच नव्हता. हाक वाजेना, बिल्ड संपेना. "बाबा, तुम्हीच अडवलंत होय!" म्हणत ती हसली. बऱ्याच वेळानं ओळ पुसली. अर्ध्या तासानं पडद्यावर बिल्ड पूर्ण झाल्याची हिरवी खूण उमटली. "झालं, आई?" "झालं." "मग आजोबा का नाही बोलले?"