आपखुशीची माणसं

"घागर बाहेर ठेव," मानसिंग सरपंच म्हणाला. "चावडी हाय ही, पाणवठा न्हाई."

गीताबाईनं घागर उंबऱ्याबाहेर ठेवली. खांद्यावरचं दोराचं वेटोळं काढून घागरीत टाकलं आणि भिंतीला धरून ती उभी राहिली. बौद्धवस्तीतल्या माणसाला चावडीत कुणी बस म्हणत नसे. समोरच्या बांधावर वस्तीतल्या काही बायका आपापल्या घागरी घेऊन तिची वाट बघत होत्या.

"ओढ्याला निघाल्यात," सरपंच अधिकाऱ्याला म्हणाला. "दिसभर खेपाच चालत्यात हेंच्या."

त्याला त्यात गंमत वाटत होती. उन्हाळ्यात ओढा आटला की वाळूत झरा उकरायचा आणि वाटीवाटीनं घागर भरायची. वस्तीतल्या बायकांचा निम्मा दिवस त्यातच जायचा.

ग्रामसेवा योजनेचा हा अधिकारी भोरहून सकाळच्या एसटीनं आला होता. मानसिंगच्या मळ्यात योजनेच्या सिमेंटवर नवी विहीर झाली होती. ती खणताना धोंडे वर ओढायच्या यारीची साखळी तुटली आणि गीताबाईच्या नवऱ्याच्या, ज्ञानूच्या, पायावर धोंडा आला. तेव्हापासून ज्ञानू बाजेवर होता. माझा नवरा सरपंचांचा मजूर होता, त्याची भरपाई मिळावी, असा अर्ज गीताबाईनं केला होता.

अर्ज करायच्या आधी, विहिरीला पाणी लागलं तेव्हा, वस्तीतल्या बायका तिथं पाण्याला गेल्या होत्या. मानसिंगनं त्यांच्या घागरी पायानं लवंडल्या. "रान माझं, हीर माझी! जवारी मोजून मजूर लावलं व्हतं म्या!" असं तो साऱ्या गावादेखत ओरडला होता. आज त्याला यातलं काही आठवत नव्हतं. सोयीचं तेवढंच लक्षात ठेवायची हातोटी त्याला चांगली साधली होती, म्हणून तर तो सरपंच होता.

अधिकाऱ्यानं नियम वाचून दाखवला. "मोबदला घेऊन काम करतो तो मजूर. काही न घेता, आपखुशीनं करतो तो स्वयंसेवक. मजुराला इजा झाली तर भरपाई मालकानं द्यायची. स्वयंसेवकाला भरपाई नाही. आता सांगा, ज्ञानू कोण होता?"

"सयंसेवक," त्याचं वाक्य पुरतं संपायच्या आत मानसिंग म्हणाला.

"आणि बाकीचे?"

"समदंच. एक बी मजूर नव्हता. गावानं श्रमदान केलं, सायेब."

मग विहीर खणलेली माणसं एकेक करून पुढं आली. पहिला सोपान. तो मानसिंगच्याच मळ्यात राबायचा.

"विहीर खणल्याचं काय मिळालं तुम्हाला?"

सोपाननं सरपंचाकडं पाहिलं. "काय बी न्हाई. आपखुशीनं गेलतो."

विहिरीच्या मजुरीत मिळालेल्या ज्वारीच्या भाकरी त्याच्या घरात अख्खा पावसाळाभर भाजल्या होत्या. त्याच्यामागून आलेल्या प्रत्येकानं तेच सांगितलं, तसंच खाली बघत. खोटं बोलायची लाज होती त्यांना. पण मानसिंगची भीती लाजेहून मोठी होती.

"सरपंच, नीट आठवा," अधिकारी म्हणाला. "जबाब शपथेवर आहे, मागाहून बदलता यायचा नाही. एकाला जरी धान्य दिलं असेल, तर आत्ताच सांगा."

"धा डाव काय इचारता? लिवून घ्या. दाणा दिला न्हाई कुणाला."

"बाई, तुमचं काय म्हणणं?"

"तिला काय इचारायचं?" मानसिंग म्हणाला. "फुकटचं खायला पायजे. घरात लंगडा बसवलाय, त्येच्या नावानं आता आमाला लुटायचं."

दोघंचौघं हसले. गीताबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. समोरची दौत उचलून याच्या तोंडावर फेकावी, असं तिला वाटलं. बाजेवरचा ज्ञानू तिला आठवला. निघताना तो म्हणाला होता, "माज्या पायाचा इचार करू नगंस."

"गाव म्हनतंय तसंच," ती म्हणाली. "आमचं धनी बी आपखुशीनंच गेलतं."

अधिकाऱ्यानं मान वर केली. "म्हणजे भरपाई नको?"

"न्हाई."

अंगठे उठले, सह्या झाल्या. मानसिंगची सही सगळ्यांत मोठी होती. सही करून त्यानं मिशीवर हात फिरवला.

"झाली हौस? लई कायदा कळतो न्हवं तुला? जा आता ओढ्याला."

"ओढ्याला कशाला?" पेनाचं टोपण लावत अधिकारी म्हणाला. "आमच्या योजनेत मजूर लावून खणलेली विहीर मालकाची राहते. नुसत्या श्रमदानावर झालेली विहीर साऱ्या गावाची होते, मग रान कुणाचं का असेना. आजपासून तिथं कुणाला अडवलंत, तर फौजदारी होईल."

मानसिंगचा चेहरा उतरला. "जवारी... जवारी दिलती की म्या. सोपान, सांग की!"

"शपथ घेतलीया, आण्णा," सोपान म्हणाला. त्यानं या वेळी मान खाली घातली नाही.

गीताबाई बाहेर आली. तिनं दोर खांद्यावर टाकला आणि घागर कमरेवर घेतली. तिनं हाक मारली नाही, तरी बांधावरच्या बायका उठल्या. ओढ्याचा फाटा मागं टाकून त्या मळ्याच्या वाटेला लागल्या.

सकाळी घरून निघतानाच एकीनंही घागरीत वाटी घेतली नव्हती. प्रत्येकीच्या खांद्यावर विहिरीचा दोर होता.