नाव फक्त जव्हारला उघडतं

"माझी सून कुठं हाय ते सांग," गौरा टेबलासमोर उभी राहून म्हणाली. "पोशेऱ्याची फागी. जिव्याची बायको."

जव्हारच्या दवाखान्यात नोंदी ठेवणाऱ्या रोहिणीनं मान वर केली. फागी पोटुशी होती आणि दिवाळीनंतर घरातून निघून गेली होती, हे तिच्या कानावर आलं होतं.

"आजी, इथं पत्ते नसतात. गरोदर बायांच्या तब्येतीचं संशोधन आहे हे. नुसती तपासणीची माहिती असते."

"तेच सांग. तूच आमच्या ओट्यावर बसून बोललीस ना, नाशिकला तपासून घ्या का ठाण्याला, तू दिलेलं कार्ड दाखवलं की इथं कळतंय?"

"कळतं. पण सांगता येत नाही."

गौरा खुर्चीवर बसली नाही. तिचे डोळे कोरडे होते.

"जिव्यानं अन्न टाकलंय. भिवंडीच्या सगळ्या वीटभट्ट्या फिरून आला. सापडू दे एकदा, एवढंच बोलतो."

रोहिणीनं कॉम्प्युटरवर नाव टाकलं. फागीच्या नावापुढचे रकाने रिकामे होते. दिवाळीपासून ती कुठल्याच दवाखान्यात गेली नव्हती. मेली असेल, असं रोहिणीला वाटून गेलं. चेहरा तिनं हलू दिला नाही.

"हाय का नाय, एवढं तरी बोल."

"तेही नाही बोलता येत."

"तुझा साहेब सांगंल?"

"मुंबई-पुण्याच्या डॉक्टरांना नुसते नंबर दिसतात, आजी. सगळ्या जिल्ह्यांची माहिती त्यांच्याकडं जाते, पण नाव जात नाही. आमच्या बायांचं नाव फक्त इथं उघडतं, माझ्याकडं."

"मंग सोपंच झालं. त्या डबड्याचं तोंड माझ्याकडं फिरव. मला कुठं वाचता येतंय? तुला पाप नाय लागायचं."

रोहिणीला हसू आलं. तिनं ते गिळलं.

गौरानं नागलीच्या पिठाची पिशवी टेबलावर सरकवली. रोहिणीनं ती परत सरकवली.

"खोडाळ्याच्या बाजारात तुझी आई माझ्या शेजारी बसते. तिला सांगू, लेक शिकली आन माणसं विसरली?"

"सांगा."

"तुझ्या घरातलं माणूस असं हरवलं असतं तर?"

"तरी नसतं सांगितलं."

"लय शाणी. कोण घरात घेईल गं तुला?"

रोहिणीनं कॉम्प्युटरवरचं फागीचं नाव बंद केलं. तेव्हा गौरा वाकली आणि तिनं रोहिणीच्या पायांना हात लावला. पोशेऱ्यात जिच्यासमोर गावपाटीलही आवाज चढवत नसे, ती गौरा. रोहिणी खुर्ची सोडून मागं सरली. तिचे डोळे भरले.

"आजी, उठा. नाही सांगणार मी. तुम्हाला नाही, कुणालाच नाही."

गौरा उठली. पदर सारखा केला, पिशवी उचलली.

"दगड हायेस," ती म्हणाली आणि बाहेर पडली.

स्टँडवर मोखाड्याची गाडी लागली होती. गौरा गाडीत चढली नाही. मुतारीच्या मागं माणूस नव्हतं, तिथं जाऊन तिनं कमरेचा फोन काढला. पलीकडून लगेच उचलला गेला.

"फागे, उद्याच दवाखान्यात जा, तपासून घे. कार्ड दाखव, त्या मारकुट्याला पत्ता लागंल म्हणून भिऊ नको," गौरा म्हणाली. "मी पाया पडले तरी पोरीनं तोंड उघडलं नाय. जिव्याला काय सांगणार ती!"