सरावासाठी एक नवी मुलगी

नव्या विद्यार्थ्यांना आधार कसा द्यायचा, याचं प्रशिक्षण सीनिअर मुलांसाठी चाललं होतं. देशमाने मॅडमनी मागच्या बाकावरच्या मुलीला पुढं बोलावलं. "समज, तू नुकतीच विद्यापीठात आलीस. यशोधन तुला बोलतं करेल."

यशोधननं विचारलं, "कसं वाटतंय इथं?"

"कुणाशी बोलावं तेच कळत नाही," ती म्हणाली. "रविवारी दिवसभर खोलीत बसून असते. आई फोनवर विचारते, तेव्हा पुष्कळ मैत्रिणी झाल्या म्हणून सांगते." तिचे डोळे भरून आले.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "अभिनय छान करतेस," मॅडम म्हणाल्या. "कुठल्या वर्षाला आहेस?"

"पहिल्या. वर्ग चुकला आणि इथं येऊन बसले. मग उठून जायला संकोच वाटला."

यशोधनला सकाळपासून शिकलेलं काहीच आठवेना. "कँटीनला येतेस?" त्यानं विचारलं.

त्यांच्या मागोमाग सगळेच निघाले. चहा येईपर्यंत जो तो तिला सल्ले देऊ लागला. कुठली मेस बरी, कुठले सर कडक. ती बराच वेळ ऐकत राहिली. शेवटी तिनं टेबलावर हात आपटला.

"जरा थांबा सगळे," ती म्हणाली. "माझं बोलून व्हायचंय अजून."